भेटकलम

तरुण मुलांचे काही छंद असे असतात की, घरातील वडीलधाऱ्या मंडळींना त्यांचे नावही ठाऊक नसते. छंद मात्र त्याच घरात, शेजारच्याच खोलीत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चाललेला असतो. 'ॲनिमे म्युझिक व्हिडिओ' हा असाच एक छंद. मुले त्यास थोडक्यात 'एएमव्ही' म्हणतात. जपानी चित्रपटांतील वा मालिकांतील हलत्या चित्रांचे लहान-लहान तुकडे निवडायचे, आपल्या आवडीच्या एखाद्या गाण्यावर ते एकापुढे एक जोडायचे आणि तीन-चार मिनिटांची एक नवीच चित्रफीत तयार करायची, असे या छंदाचे स्वरूप आहे. चित्रे दुसऱ्याची, गाणे तिसऱ्याचे. मग करणाऱ्याचे स्वतःचे असे त्यात काय असते, हा प्रश्न कोणासही पडावा. गतवर्षी आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी तो आम्हांस विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यात आमचा एक पावसाळा गेला. त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू.

'ॲनिमे' हा शब्द आपल्यापैकी अनेकांना परका वाटेल. वस्तू मात्र तितकी परकी नाही. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागत असे आणि वाड्यावाड्यांतील मुले ती पाहण्यासाठी एकत्र जमत. ती मालिका जपानमध्ये १९८९ साली तयार झाली होती. रामकथेवर जपानी व भारतीय कलावंतांनी मिळून १९९२ साली एक चित्रपट केला, तोही याच परंपरेतला. इतकेच काय, ज्यांना जपानी चित्रमालिकांचे जनक मानतात, त्या ओसामु तेझुका यांनी आयुष्याच्या अखेरीस जुन्या करारातील कथांवर एक मालिका हाती घेतली होती. १९८९ साली त्यांचे निधन झाले. मालिका त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरी केली. तेव्हा तलवारी, राक्षस आणि आरडाओरडा एवढेच या चित्रांत असते, हा समज घेऊन आपण पुढे जाऊ नये.

या छंदाचा जन्म मात्र जपानात झाला नाही. तो झाला अमेरिकेत. १९८२ साली जिम कपोस्टास नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या घरातील दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले. 'स्टार ब्लेझर्स' या जपानी अंतराळमालिकेतील अत्यंत हिंसक दृश्ये त्याने वेचून काढली आणि प्रेमाची महती गाणाऱ्या बीटल्सच्या एका प्रसिद्ध गाण्यावर ती ओळीने बसवली. पडद्यावर आगीचे लोळ आणि कानांवर प्रेमाचे सूर! ही चित्रफीत अशा प्रकारची पहिली समजली जाते. त्या काळी एका यंत्रावर फीत चालवायची, दुसऱ्यावर ती मुद्रित करायची आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचे, एवढेच साधन हाती होते. बोट क्षणभर उशिरा पडले तर फीत मागे घेऊन पुन्हा आरंभ. शिवाय नकलेची नक्कल काढावी तसतसे चित्र पुसट होत जाई. एका दृश्यातून दुसऱ्यात अलगद विरघळणे वगैरे प्रकार घरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. सरळ तोडायचे आणि सरळ जोडायचे, हीच त्यांची सारी विद्या.

पुढे संगणक आला. चित्रफीत जोडण्याचे 'प्रीमियर' १९९१ साली आणि दृश्यपरिणाम साधण्याचे 'आफ्टर इफेक्ट्स' १९९३ साली बाजारात आले. ॲटलांटा येथे १९९५ साली सुरू झालेल्या संमेलनासारख्या ॲनिमेप्रेमींच्या मेळाव्यांत अशा चित्रफितींच्या स्पर्धा रंगू लागल्या. आज तर व्यावसायिक दर्जाची काही साधने विनामूल्य मिळतात आणि खिशातल्या फोनवरही हे काम करता येते. जे १९८२ साली अशक्य होते, ते आज एका बोटाच्या स्पर्शाने होते. शिकणाऱ्याची खरी परीक्षा येथूनच सुरू होते, असे आम्हांस वाटते.

आता त्या गृहस्थांविषयी. त्यांची फुलझाडांची व कलमांची लहानशी रोपवाटिका आहे. एका रविवारी मिस्सा झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "फादर, आमच्या पोराला जरा समजावा. रात्र रात्र कार्टून कापत बसतो. दीड महिना झाला, तीन मिनिटांचं काहीतरी करतोय. पैसा नाही, पदवी नाही. चित्रं त्याची नाहीत, गाणं त्याचं नाही. मग ह्यात त्याचं आहे तरी काय?" मुलगा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. अभ्यासात मध्यम, स्वभावाने अबोल. न पाहिलेल्या गोष्टीविषयी उपदेश करणे आम्हांस रुचत नाही, म्हणून आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "आधी तो काय करतो ते बघू द्या, मग बोलू." तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी तास-दोन तास आम्ही त्या मुलाशेजारी खुर्ची टाकून बसू लागलो.

पहिल्याच शनिवारी त्याने आम्हांस आपली जवळजवळ पुरी झालेली चित्रफीत दाखवली. तलवारबाजीची एक मालिका आणि वर कर्कश पाश्चात्त्य गाणे. चित्र थरथरत होते, गरगर फिरत होते, काचेसारखे फुटत होते, पानासारखे उलटत होते. दर ठोक्याला पडदा पांढराफटक होऊन चमकत होता. "कसं वाटलं, फादर?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "मेहनत दिसली. गाणं मात्र ऐकू आलं नाही." तो थोडा हिरमुसला, पण पुढच्या शनिवारी त्यानेच आमच्यासाठी खुर्ची काढून ठेवली होती.

सेमिनरीत असताना गायनवृंदासाठी आम्हांस स्वरलिपी व मात्रा मोजणे शिकवले गेले होते. त्या शिक्षणाचा असा उपयोग होईल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. मुलाचा डोळा तयार होता. आमचा कान तयार होता. दोघांनी मिळून हिशेब मांडला तो असा. चित्रपट म्हणजे सेकंदाला २४ स्थिरचित्रे. तीन मिनिटांच्या गाण्यात अशी ४,३२० चित्रे होतात. मिनिटाला १२० ठोके पडणाऱ्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाने, म्हणजे दर १२ चित्रांनी येतो. आता गंमत अशी की, जपानी चित्रकार सेकंदाला २४ नवी चित्रे क्वचितच काढतात. पुष्कळदा एकच चित्र तीन वेळा दाखवले जाते. म्हणजे सेकंदाला नवी चित्रे केवळ आठ. तेझुकांनी १९६३ साली आपली पहिली दूरचित्रवाणी-मालिका सुरू केली, तेव्हा अपुऱ्या पैशांत आणि अपुऱ्या वेळात दर आठवड्याला एक भाग पुरा करण्यासाठी अशा काटकसरीचाच आश्रय घेतला होता. त्या काटकसरीचा परिणाम हा की, गाण्याच्या एका ठोक्यात पात्राच्या चार हालचाली बसतात. पाऊल जमिनीला टेकते ते चित्र नेमके ठोक्यावर आणायचे असेल, तर तुकडा एक-दोन चित्रांनी अलीकडे वा पलीकडे सरकवावा लागतो. पाहणाऱ्याला हा फरक सांगता येत नाही. जाणवतो मात्र निश्चित.

दोन दृश्यांच्या मधल्या बदलाला ही मुले 'ट्रान्झिशन' म्हणतात. साधी तोड, म्हणजे कट, ही त्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक रीत. एक दृश्य दुसऱ्यात विरघळते ते डिझॉल्व्ह. त्याने काळ लोटल्याचा किंवा आठवण जागी झाल्याचा भास होतो. दृश्य हळूहळू काळोखात जाते ते फेड. तो जणू पूर्णविराम. एक दृश्य दुसऱ्याला पुसत पुढे सरकते तो वाइप. आणि या सर्वांहून सुंदर तो मॅच कट: पहिल्या दृश्यातील आकार वा हालचाल दुसऱ्या दृश्यात तशीच पुढे चालू राहते, त्यामुळे स्थळ बदलले तरी डोळा अडखळत नाही. यांतील काही युक्त्या चित्रपटाइतक्याच जुन्या आहेत. फ्रान्समधील जॉर्ज मेलिए यांनी सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. १८९६च्या सुमारास पॅरिसच्या रस्त्यात चित्रण करताना त्यांचा कॅमेरा क्षणभर अडकला. फीत पाहू जाता रस्त्यावरील प्रवासी गाडीच्या जागी एकाएकी शववाहिका प्रकटली होती! या अपघातातून त्यांनी पुढे पडद्यावरील जादूचे शास्त्र घडवले. आपल्याकडे दादासाहेब फाळके ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून या व्यवसायाकडे वळले, हे वाचकांस ठाऊक असेल. 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतील एका रोपाची वाढ टिपली. रोज थोडे-थोडे चित्रण करून महिनाभराची वाढ त्यांनी काही क्षणांत पडद्यावर दाखवली. त्यात परिणाम होता, चमत्कारही होता. पण तो त्या रोपासाठी होता. कोणी फाळक्यांची हुशारी पाहत बसले नाही. लोकांनी अंकुर पाहिला.

मुलाच्या संगणकात असे शेकडो तयार बदल साठवलेले होते. मुले त्यांना 'प्रीसेट' म्हणतात. उचलायचे आणि टाकायचे. आम्ही त्याच्याबरोबर एक साधा नेम ठरवला. प्रत्येक सांध्यापाशी थांबायचे आणि विचारायचे, "हा बदल येथे का?" उत्तर 'छान दिसतो' असे आले, तर तो काढून तेथे साधी तोड ठेवायची. उत्तर गाण्यातून वा गोष्टीतून आले, तर तो राहू द्यायचा. आम्ही मोजले तेव्हा त्या चित्रफितीत त्र्याण्णव सांधे होते. नेम लावल्यावर सजवलेले सांधे अकराच उरले. मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "आता हे अकरा दिसतात, फादर. आधी काहीच दिसत नव्हतं."

दृश्यपरिणामांची शिकवणी याहून कठीण होती. पात्राला त्याच्या मूळ पार्श्वभूमीतून कापून वेगळे करायचे, तर प्रत्येक चित्रात त्याच्या कडेने रेघ ओढावी लागते. याला मास्क करणे म्हणतात. पाच सेकंदांची १२० चित्रे. पात्राची नवी रेखाटने तीनात एक म्हणून त्यांतली निदान चाळीस हाताने कापावी लागतात. उडते केस असतील तर एकेका चित्राला दहा-पंधरा मिनिटे लागतात. रात्री दोनपर्यंत तो काय करत असे, याचे उत्तर येथे मिळाले. मग हालचालीची गोष्ट. संगणकाला आरंभीची जागा आणि शेवटची जागा सांगितली की मधला प्रवास तो आपण होऊन भरतो. पण तो एकाच वेगाने भरतो, आणि चित्र ओढून नेल्यासारखे निर्जीव वाटते. एसटीची गाडी थांब्यावरून निघते तेव्हा आधी सावकाश सरकते, मग वेग घेते आणि पुढल्या थांब्यापाशी पुन्हा मंदावते. पडद्यावरील हालचालीलाही हेच लागते. तो चढउतार एका वक्ररेषेने दाखवायचा असतो, आणि ती रेषा ओढण्याचा हात सरावानेच बसतो. मुलाने तीन शनिवार केवळ एक चेंडू डावीकडून उजवीकडे नेण्यात घालवले. आम्हांस त्यात कंटाळा आला नाही. सेमिनरीत हार्मोनियमवर एकच सप्तक महिनाभर वाजवलेल्यांना तो येण्याचे कारण नव्हते.

याच सुमारास त्याला आम्ही एक जुनी घटना सांगितली. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात लाल व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून चमकला. त्या संध्याकाळी ६८५ प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुसंख्य मुले होती. कित्येकांना झटके आले होते. मालिका चार महिने बंद राहिली आणि जपानी दूरचित्रवाणीने चमकत्या दृश्यांसाठी नियम केले. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा पडदा चमकवू नये, असा दंडक आज सर्वसाधारणपणे मानला जातो. मुलाने काही न बोलता आपल्या चित्रफितीतील पांढऱ्या चमका मोजल्या. एका ठिकाणी त्या सेकंदाला आठ होत्या. नाताळच्या सुट्टीत सारी भावंडे घरी जमणार होती आणि ही चित्रफीत त्यांच्यासमोर लागणार होती. त्याच्या एका चुलतबहिणीला लहानपणी फिट येत असत. त्या रात्री त्याने सगळ्या चमका काढून टाकल्या. आम्ही त्याला तसे करण्यास सांगितले नव्हते. आपण जे पडद्यावर टाकतो ते दुसऱ्याच्या शरीरात उतरते, हे त्याला उमगले, आणि आमच्या मते त्याच्या शिक्षणातील हा सर्वांत मोठा धडा होता.

मालकीचा प्रश्न राहतोच आणि तो टाळून चालणार नाही. चित्रे आणि गाणी यांच्यावर कोणाचा तरी हक्क असतो. आपल्या देशातील १९५७चा कॉपीराइट कायदा खाजगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा अशा काही हेतूंसाठी मर्यादित वापरास वाव देतो; पण त्याचा अर्थ सारे काही मोकळे आहे असा नव्हे. अमेरिकेत २००५ साली एका ध्वनिमुद्रण संस्थेने आपली गाणी वापरलेल्या अशा अनेक चित्रफिती काढून टाकावयास लावल्या होत्या. मूळ निर्मात्यांची नावे देणे हे सौजन्य आहे. ती परवानगी मात्र होत नाही. हे सर्व आम्ही मुलाला स्पष्ट सांगितले. त्याने दोन गोष्टी ठरवल्या. सरावासाठी केलेले घरातच ठेवायचे, त्यातून पैसा कमवायचा नाही. आणि चित्रफितीच्या शेवटी प्रत्येकाचे नाव लिहायचे, कोणी वाचो वा न वाचो.

दुसऱ्या चित्रफितीला त्याने ऑगस्टमध्ये हात घातला. चित्रांसाठी त्याने सातोशी कोन यांचा २००१ सालचा 'मिलेनियम ॲक्ट्रेस' हा चित्रपट निवडला. कोन २०१० साली अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. पण सांध्यांची कला शिकणाऱ्याने ज्यांच्यापाशी जावे असे ते गुरू. या चित्रपटात एक वृद्ध अभिनेत्री आपले आयुष्य सांगते आहे आणि सांगता-सांगता तरुण होऊन धावते आहे. एका युगातून दुसऱ्या युगात, एका चित्रपटातून दुसऱ्या चित्रपटात ती धावतच जाते. धाव तुटत नाही. गाण्याबद्दल विचारले तेव्हा मुलाने संकोचत फोन काढला. त्यात त्याच्या दिवंगत आजीच्या आवाजात, आमच्या वसईच्या बोलीतील एक लग्नगीत मुद्रित केलेले होते. मागे कोठेतरी कोंबडा आरवत होता.

येथे सारे हिशेब कोलमडले. आजीच्या गाण्यात मिनिटाला १२० ठोके नव्हते, ठोकाच नव्हता. ती जेथे श्वास घेई तेथे ओळ थांबे, आणि प्रत्येक ओळीला श्वास वेगळा. संगणक तो मोजू शकत नव्हता. दोघांनी डोळे मिटून गाणे पुन्हा-पुन्हा ऐकले आणि प्रत्येक श्वासापाशी खूण केली. तयार बदलांपैकी एकही उपयोगी पडला नाही. वॉल्टर मर्च या थोर चित्रपट-संकलकाने १९९५च्या आपल्या छोट्या पुस्तकात चांगल्या तोडीचे सहा निकष दिले आहेत आणि त्यांना गमतीने टक्केही दिले आहेत. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, आणि नजरेचा मार्ग वगैरे उरलेल्या तिहींना मिळून १६. सर्व साधत नसेल तर खालून सोडत जावे, भावना मात्र सोडू नये, असा त्याचा आशय. मुलाने ते आकडे भिंतीवर लिहून ठेवले. याहीपूर्वी, गेल्या शतकाच्या आरंभी, रशियात लेव कुलेशोव यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाटीशेजारी, शवपेटीशेजारी आणि बालिकेशेजारी जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना त्यात भूक, शोक आणि वात्सल्य दिसले, असे सांगतात. चेहरा बदलला नव्हता; शेजार बदलला होता. येथेही तसेच झाले. जपानी अभिनेत्रीचा चेहरा आमच्या एका आजीच्या आवाजाशेजारी येताच ती आमच्या आळीतली झाली.

सप्टेंबरअखेर एका संध्याकाळी आम्ही मुलाच्या वडिलांना आत बोलावले. "तीन मिनिटं बसा," एवढेच म्हणालो. ते हातातली माती धुऊन आले आणि दारालगतच्या स्टुलावर बसले. आईचा आवाज सुरू झाला आणि त्यांनी मान खाली घातली. पहिल्या खेपेस त्यांनी पडद्याकडे फारसे पाहिलेच नाही. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." दुसऱ्या खेपेस त्यांनी टक लावून पाहिले. मग बोटाने पडदा दाखवत म्हणाले, "तिथे, ती पोरगी पळते आणि म्हातारी होते ना, तिथे साल जुळली नाही. घाई झाली." मुलगा चपापला. "मलाही ते खटकत होतं, पप्पा," तो म्हणाला. मूळ दृश्य त्याने तेथे श्वास पुरा होण्याआधीच विरघळवले होते. त्याने तो सांधा सहा चित्रांनी, म्हणजे पाव सेकंदाने, पुढे नेला. तिसऱ्या खेपेस वडील काही बोलले नाहीत.

साल जुळण्याचा अर्थ त्यांनीच मग आम्हांस रोपवाटिकेत नेऊन दाखवला. पावसाळा हा भेटकलमांचा हंगाम. कोयीपासून वाढवलेले रायवळ आंब्याचे रोप हापूसच्या फांदीजवळ नेतात. दोघांचीही साल सारख्याच लांबीची तासतात, जखमेला जखम लावून घट्ट बांधतात आणि दोन-तीन महिने वाट पाहतात. मग रोपाचा वरचा शेंडा आणि फांदीचा खालचा भाग छाटतात. आधी छाटले तर कलम साधत नाही. चांगल्या कलमाचा सांधा काही वर्षांनी शोधावा लागतो. आम्ही त्यांना विचारले, "मुळं रायवळाची, फांदी हापूसची. मग कलमात तुमचं काय?" ते क्षणभर थांबले, हसले, आणि म्हणाले, "फादर, माझाच प्रश्न मला परत दिलात." पुढे थोड्या वेळाने त्यांनीच पुस्ती जोडली, "लोक हापूस म्हणून विकत घेतात. खालच्या खुंटाचं नाव कोणी विचारत नाही. पोराने शेवटी सगळ्यांची नावं लिहिली, ते बरं केलं." त्या नावांत आजीचे नाव पहिले होते.

या मुलाचे पुढे काय होईल, तो या कलेवर पोट भरील की नाही, हे भाकीत आम्ही करणार नाही. परीक्षेच्या महिन्यात संगणक रात्री दहाला बंद होईल, असे बापलेकांत ठरले आहे आणि ते आम्हांस योग्य वाटते. रात्रीची झोप, अभ्यास आणि घरातील कामे यांवर कोणत्याही छंदाचा हक्क नाही. परंतु सेकंदाच्या चोविसाव्या भागाकडे इतक्या निष्ठेने पाहणारा, दुसऱ्याच्या श्वासासाठी आपला सांधा थांबवणारा आणि स्वतःची हुशारी खोडून टाकण्याचे बळ आलेला मुलगा वाया चालला आहे, असे आम्ही कोणासही म्हणू देणार नाही.

आई-वडिलांना आमची एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी दाराआड काय करते याची तक्रार घेऊन येण्याआधी एकदा आत जाऊन शेजारी बसावे. 'हे कशाला?' असे विचारू नये. 'यातला कोणता सांधा तुला सर्वांत जड गेला?' असे विचारावे. मूल त्या सांध्याविषयी बोलू लागले की थांबत नाही, हा आमचा अनुभव आहे. पुढचे काम वेळ करते. फक्त बांधलेला दोरा आपण घाईने सोडू नये.